हिशेबाचा सलोखा

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. १५९८ मध्ये डच दर्यावर्दी तिथे उतरले तेव्हा बेटावर माणसाचा मागमूस नव्हता. आबनूसाची दाट राने होती आणि उडता न येणारा डोडो होता. डचांच्या काळातच डोडो संपला, आबनूस तोडला गेला, आणि १७१० मध्ये डच बेट सोडून निघून गेले. त्यानंतर जो आला तो बोटीने आला. फ्रेंच मळेवाले आले, त्यांनी मोझांबिक आणि मादागास्करहून गुलाम आणले, पाँडिचेरीकडचे तमिळ कारागीर आले. इंग्रजी अमलात १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर आले, मग चिनी दुकानदार आणि गुजराती व्यापारी. ‘आम्ही इथले, तुम्ही उपरे’ असे तिथे कोणालाही खरेपणाने म्हणता येत नाही. अशी भूमी जगात फार थोडी आहे, आणि तिथे काही काळ राहिल्यावर माझी खात्री झाली की या देशाबद्दल जे काही समजून घ्यायचे ते याच गोष्टीपासून सुरू होते.

पर्यटकांसाठी छापलेल्या पुस्तिकांत मॉरिशसला इंद्रधनुष्याची उपमा देतात. निरनिराळे रंग, एक कमान, निळा समुद्र. मला ही उपमा त्या लोकांवर अन्याय करणारी वाटते. इंद्रधनुष्य ऊन-पावसाच्या योगाने आपोआप उमटते; त्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. मॉरिशसमधला सलोखा मात्र लोकांनी घडवला आहे. त्यासाठी ते भांडले आहेत, भांडून थांबले आहेत, पुन्हा बसून वाटे ठरवले आहेत. तो हिशेबाचा सलोखा आहे. आपल्याकडे हिशेब हा शब्द नात्यांच्या संदर्भात आला की माणसे नाक मुरडतात. मला उलट वाटते. त्या बेटाचे बळ त्याच्या हिशेबीपणात आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा अन्यायही हिशेबाच्या वहीत ज्यांचे खातेच नीट उघडले नाही त्यांच्यावर झाला आहे.

बाहेरून आलेल्यांना हे दिसत नाही, आणि त्यात मोठमोठी माणसेही आहेत. जेम्स मीड हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ, पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालेले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने १९६१ मध्ये मॉरिशसच्या अर्थव्यवस्थेवर अहवाल दिला. मलेरिया आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. निर्यात म्हणजे जवळजवळ फक्त साखर, आणि समाज वंशावंशांत विभागलेला. मीड यांना या देशाच्या शांततामय विकासाची आशा फारशी वाटत नव्हती. दहा-अकरा वर्षांनी व्ही. एस. नायपॉल आले. त्यांना बेकार तरुणांनी भरलेली, सुटकेची वाट नसलेली एक वखार दिसली, आणि त्यांनी आपल्या लेखाला नावही तसेच दिले. नायपॉल स्वतः दुसऱ्या उसाच्या बेटावरून आलेले, करारबद्ध मजुरांचे वंशज. त्यांना तरी अधिक दिसायला हवे होते.

दोघांनी जे मोजले ते बरोबर मोजले होते. माणसे किती, जमीन किती, नोकऱ्या किती. अडचणीत सापडलेली माणसे एकमेकांशी काय ठरवू शकतात, हे मात्र त्यांनी मोजले नाही. लोकसंख्येचेच उदाहरण घेऊ. कुटुंबनियोजनाचा प्रश्न आला तेव्हा कॅथलिक चर्चचा कृत्रिम साधनांना विरोध होता. एखाद्या मोठ्या देशात हा वाद पिढीभर चालला असता. मॉरिशसमध्ये सरकारने चर्चच्या मार्गाने जाणाऱ्या संस्थेलाही मदत केली आणि आधुनिक साधने देणाऱ्या संस्थेलाही. कोणावर सक्ती झाली नाही, आणि तरीही जननदर इतक्या वेगाने उतरला की लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत त्याचा दाखला देतात. १९७० मध्ये निर्यातीसाठी कारखान्यांचा विशेष कायदा झाला आणि शिवणयंत्रांवर हजारो बायका कामाला लागल्या. १९७५ पासून युरोपने लोमे करारानुसार ठरलेल्या भावाने साखर घेतली. तो पैसा देशात मुरला. मीड यांना नको ते दिसले याचे मला आश्चर्य वाटत नाही. १९६१ मध्ये आपल्यापैकी कोणालाही तेच दिसले असते. पण तिथे राहणाऱ्यांना निराश होऊन निघून जाण्याची सोय नव्हती. ज्यांना होती, ते ऑस्ट्रेलियाला गेले.

१९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला मते दिली होती. हे आज कोणी फारसे बोलत नाही. हिंदू बहुसंख्येच्या राज्याची भीती क्रिओल (गुलामांचे वंशज), मुसलमान, चिनी, गोरे अशा अनेकांना होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईच्या वस्त्यांत दंगल पेटली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले, आणि अशा वातावरणात १२ मार्च १९६८ ला झेंडा बदलला. तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेची आठवण ठेवून निवडली होती, पण निम्म्याच्या आसपास देशाने तो दिवस धास्तीत काढला. आजचा सलोखा इथून सुरू झालेला आहे.

मी कात्र बोर्नला राहत होते. पोर्ट लुईच्या उकाड्यातून वर चढत गेले की बो बासें, रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाकोआ, क्युरपीप अशी गावे एकमेकांना चिकटून लागतात. १८६६-६७ च्या मलेरियाच्या साथीत राजधानीतून माणसे या पठाराकडे पळाली आणि तिथेच राहिली. क्युरपीपला पाऊस थांबतच नाही, आणि तिथून अर्ध्या तासावरच्या किनाऱ्यावर कडक ऊन असते. सगळा देश दोन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याचा तुकडा, आणि माणसे साडेबारा लाख. इतक्या छोट्या जागेत माणूस माणसाला टाळू शकत नाही. ज्याच्याशी सकाळी भांडण झाले तो संध्याकाळी बसमध्ये शेजारी येऊन बसतो. त्याची मेहुणी तुमच्या बँकेत असते, त्याचा भाऊ तुमच्या मुलाच्या शाळेत शिकवतो.

बाजारात दालपुरीच्या गाडीपुढे रांग लागलेली असते. वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचे कोरडे पुरण भरून पातळ लाटलेली पोळी, नेहमी जोडीने देतात. आत मोठ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोचे रुगाय आणि वाटलेली मिरची. ही बिहारी मजुरांनी आणलेली वस्तू आता कोणाचीच राहिलेली नाही. चिनी आजोबा, बुरख्यातली बाई, सूट घातलेला गोरा वकील, सगळे कागदात गुंडाळून उभ्या उभ्या खातात. पाहुणे इथेच भारावतात. रांगेत सगळे एक आहेत, हे खरे. पण रांगेतला प्रत्येक जण घरी जाऊन लग्न बहुधा आपल्याच लोकांत करतो, आणि निवडणुकीत उमेदवाराचे आडनाव ऐकून त्याचा समाज ओळखतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्याला त्यांत विसंगती वाटत नाही.

वाटणीचा हिशेब कुठवर जातो हे पाहायला पाकीट उघडावे. २५ रुपयांच्या नोटेवर चिनी वंशाचे आ-च्युएन, ५० वर फ्रेंच वंशाचे पातुरो, १०० वर तमिळ सीनिवासेन, २०० वर अब्दुल रझाक मोहम्मद, ५०० वर सुखदेव बिसुनदयाल, १००० वर क्रिओलांचे पुढारी गाएताँ दुव्हाल, आणि २००० वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. १९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या तेव्हा तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला होता. तमिळ समाजाने हरकत घेतली आणि बँकेला नोटा मागे घ्याव्या लागल्या. आपल्याला हा पोरखेळ वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. नोटेवरच्या ओळीसाठी लोक भांडले, सरकारने ऐकले, नोट बदलली, आणि कोणाचे घर जळले नाही. ज्या समाजात लहान तक्रारी ऐकल्या जातात तिथे मोठ्या तक्रारींना साठायला जागा कमी मिळते.

सुट्यांचेही तसेच. तमिळांची कावडी, तेलुगूंचा उगादी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ. कॅथलिकांना दोन सण हवे होते, म्हणून मेरीच्या स्वर्गारोहणाची आणि सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी वर्षाआड आलटून पालटून मिळते. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी, २ नोव्हेंबरला करारबद्ध मजूर आल्याची. संसदेत ६२ निवडून आलेल्या सभासदांशिवाय आणखी जास्तीत जास्त आठ जागा पराभूत उमेदवारांतल्या अशांना दिल्या जातात की ज्यांच्या समाजाला वाटा कमी पडला आहे.

पण फक्त वाटे पाडून देश चालला नसता. मानाच्या गोष्टी समाजासमाजांत वाटल्या गेल्या: नोटा, सुट्या, मंत्रिपदे, धर्मसंस्थांची अनुदाने. पोटाच्या गोष्टी मात्र नागरिक म्हणून सगळ्यांना सारख्या दिल्या गेल्या. सरकारी दवाखाना फुकट. शिक्षण फुकट, माध्यमिक शाळाही १९७७ पासून. म्हातारपणाचे वेतन १९५८ पासून सर्वांना, गरीब-श्रीमंत न पाहता. विद्यार्थी आणि वृद्ध यांना २००५ पासून बसचे तिकीट नाही. सैन्य ठेवलेच नाही, म्हणून त्याचा खर्च नाही. आपल्या समाजाचा मंत्री नसला तरी औषध मिळणार, पोर शिकणार, आईला दर महिन्याला पैसे येणार, ही खात्री असलेला माणूस नोटेवरच्या लिपीसाठी भांडतो, पण जीव द्यायला-घ्यायला उठत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात वृद्धवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करण्याचे ठरले तेव्हा सगळ्या समाजांचे लोक एकत्र चिडले. त्या रागात मला देशाची एकी जितकी दिसते तितकी कुठल्याही सणात दिसत नाही.

वादळाच्या दिवसांतही ती दिसते. नोव्हेंबर ते एप्रिल हवामान खात्याचे इशारे हा तिथल्या आयुष्याचा भाग असतो. पहिला वर्ग म्हणजे वादळ अजून दीड-दोन दिवसांवर, दुसरा म्हणजे बारा तासांवर. तिसरा वर्ग लागला की दुकाने, कचेऱ्या, बस सगळे बंद. ताशी १२० किलोमीटरचे झोत मोजले गेले की चौथा. तिसरा वर्ग लागायच्या आधी आमच्या गल्लीत पाणी भरणे, दारे-खिडक्यांना फळ्या ठोकणे, एकट्या म्हाताऱ्यांना कोणाच्या घरी न्यायचे हे ठरवणे, असे काम तासाभरात उरकायचे. कोणी कोणाला विचारायचे नाही. प्रत्येकाला आपले काम माहीत. १९६० मध्ये आधी आलिक्स आणि मग फेब्रुवारीत कॅरल अशी दोन वादळे आली आणि गवताची, पत्र्याची हजारो घरे उडाली. तेव्हापासून देश काँक्रीटचा झाला. घरे दिसायला देखणी नाहीत. सपाट गच्चीवर सळ्या तशाच वर ठेवलेल्या असतात, मुलगा मोठा होऊन वरचा मजला बांधील म्हणून. आमचे घरमालक तेलुगू घराण्यातले, खाली ते, मधे आम्ही, वर त्यांची सून-मुलगा. वादळाच्या रात्री रेडिओ लावून सगळे खाली एका खोलीत बसलो. रेडिओवर फ्रेंच आणि क्रिओल, खोलीत फक्त क्रिओल.

आता मी त्या खात्याकडे येते जे वहीत नीट उघडलेच नाही.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने मॉरिशसच्या मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. गुलामांना काही मिळाले नाही. उलट काही वर्षे ‘उमेदवारी’ म्हणून त्याच मळ्यांवर राबावे लागले. सुटका झाल्यावर त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, किनाऱ्यावर मासेमारी धरली, गावाबाहेर झोपड्या बांधल्या. त्यांच्या जागी आपले लोक आले. भारतीय मजुरांचे हाल काही कमी झाले नाहीत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून जवळपास पाच लाख माणसे त्या देशात शिरली, आणि पुढे मळ्यांवर त्यांनी काय सोसले ते अभिमन्यू अनत यांच्या ‘लाल पसीना’त वाचायला मिळते. पण त्यांच्याकडे दोन गोष्टी राहिल्या ज्या गुलामांकडून काढून घेतल्या होत्या: कुटुंब आणि नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी कमी प्रतीच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या तेव्हा भारतीयांनी त्या घेतल्या. मुले शिकली, मतदानाचा हक्क मिळाला, राज्य हाती आले. स्वातंत्र्याच्या वेळी रामगुलामांनी साखरेचे मळे ताब्यात घेतले नाहीत. निर्यातीवर कर बसवला आणि त्यावर कल्याणकारी राज्य चालवले. जमीन आणि भांडवल गोऱ्यांकडे, राजकारण आणि नोकरशाही भारतीय वंशाच्या लोकांकडे. हा तह शहाणपणाचा होता, त्याने देश वाचवला. पण त्यात गुलामांच्या वंशजांच्या वाट्याला ना जमीन आली, ना राज्य. घटनेने तर त्यांना स्वतंत्र नावही दिले नाही. हिंदू, मुसलमान, चिनी, आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. गोरे मळेमालक आणि त्यांच्या गुलामांचे पणतू त्या एकाच खणात.

१९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला. रोश ब्वा या वस्तीपासून आग पसरली आणि काही दिवस देश हादरला. राष्ट्राध्यक्ष कासम उतीम स्वतः रस्त्यावर उतरून लोकांशी बोलले. त्यानंतर खूप वर्षांनी, २००९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या आलेक्स बोरेन यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि न्याय आयोग बसला. २०११ मध्ये त्याने गुलामी आणि करारबद्ध मजुरी या दोन्हींचे परिणाम मांडले, हिरावलेल्या जमिनींचा प्रश्न पुढे आणला. शिफारशींची अंमलबजावणी फार संथ आहे.

या अन्यायाचा सर्वांत ठळक पुरावा भाषा. क्रिओल ही गुलामांनी घडवलेली भाषा. शब्द बहुतेक फ्रेंच, पण व्याकरण आणि ठेका त्यांचा स्वतःचा. २०२२ च्या जनगणनेत सुमारे ९० टक्के लोकांनी ती आपल्या घरची भाषा म्हणून सांगितली. भोजपुरी पाच टक्क्यांवर आली आहे. म्हणजे बेटावर आलेल्या सगळ्यांनी मिळून जी एकच वस्तू खरोखर आपली केली, ती सर्वांत दुबळ्यांनी दिलेली होती. आणि शाळेत तिला २०१२ पर्यंत जागा नव्हती. तोवर मुलांना वाडवडिलांची भाषा ऐच्छिक विषय म्हणून घेता यायची: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी. ज्यांच्या वाडवडिलांची भाषा जहाजावरच तुटली त्यांच्या मुलांनी काय घ्यायचे? ते मूल पहिल्या दिवशी इंग्रजी पुस्तकासमोर बसायचे, बाई फ्रेंच मिसळून समजवायच्या, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत वर्षानुवर्षे जवळजवळ एक-तृतीयांश मुले नापास व्हायची. त्यांत गरीब क्रिओल वस्त्यांतली मुले किती असत हे सांगायला नको. १९६८ च्या घटनेने संसदेची भाषा इंग्रजी ठरवली आणि सभासदाला फ्रेंचमधून बोलायची मुभा ठेवली. मते क्रिओलमध्ये मागायची आणि कायदे इंग्रजीत करायचे, हे तेव्हापासून चालत आले.

यावर लढणारी माणसे तिथे आहेत, आणि ती सगळी आफ्रिकी वंशाची नाहीत, ही मला त्या देशाची सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. देव विरासामी तेलुगू वंशाचे. १९६९ मध्ये पॉल बेरांजे यांच्याबरोबर त्यांनी डाव्या पक्षाची स्थापना केली, पुढे राजकारण सोडले आणि आयुष्यभर क्रिओलमध्ये नाटके, कविता लिहिल्या, शेक्सपिअर त्या भाषेत आणला. २०२३ मध्ये ते गेले. त्या पक्षाच्या आघाडीने १९८२ मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या, आणि नऊ महिन्यांत सरकार फुटले. क्रिओलला राष्ट्रीय स्थान द्यायचे का, हा त्या फुटीतला एक मुद्दा होता. हिंदू समाजातल्या अनेकांना भीती वाटली की क्रिओल वर आली तर हिंदी-भोजपुरी बुडणार. ही भीती मी समजू शकते. पण भोजपुरी बुडते आहे ती क्रिओल शाळेत आल्यामुळे नाही. आयांनी मुलांशी क्रिओल बोलायला केव्हाच सुरुवात केली होती.

इथे मला महाराष्ट्रातल्या वाचकांशी थोडे भांडायचे आहे. मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत, हे आपल्याला कौतुकाने ठाऊक असते. मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरी-सातारा भागातले. कलकत्त्याहून गेलेल्यांच्या मानाने थोडे, पण टिकून राहिलेले. त्यांची मंडळे आहेत, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीची सुट्टी सगळ्या देशाला मिळते. गणपतीपुढे ते झाकरी नाचतात, ती आपल्या कोकणातल्या जाखडीची बहीण. आडनावे म्हणजे बोटीवरून उतरलेल्या खापरपणज्याचे पहिले नाव, कारकुनाने कानाला येईल तसे लिहिलेले. मी त्यांच्या गणपतीला गेले आहे. आरत्या मराठीत, शब्द पाठ, उच्चार थोडे निराळे, आणि आरती संपताच सगळ्या मंडपात क्रिओल.

महाराष्ट्रातून जाणारा पाहुणा इथे लगेच परीक्षक होतो. मराठी येते का, किती येते, घरी बोलता का. येत असेल तर शाबासकी, नसेल तर हळहळ. मला ही हळहळ चुकीच्या जागी वाटते. या लोकांनी कोणाचीही मदत नसताना दीड-पावणेदोनशे वर्षे गणपती जपला, हे त्यांचे कर्तृत्व आहे. आणि सोबतच्या तमिळ, भोजपुरी, आफ्रिकी, चिनी माणसांबरोबर एक भाषा, एक देश उभा केला, हेही त्यांचेच कर्तृत्व आहे, कदाचित अधिक मोठे. एका मराठी शिक्षिकेने मला सांगितले, “आम्ही मुलांना मराठी शिकवतो ती क्रिओलमधूनच. नाहीतर ती शिकणार कशी?” हे सांगताना तिला कमीपणा वाटत नव्हता. मराठी शाळांसाठी महाराष्ट्रात भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे सहज कळायला हवे: मूल ज्या भाषेत जगते त्या भाषेला शाळेबाहेर ठेवले की त्याचे काय होते, हे आपण पाहिले आहे. मराठीचा अभिमान असलेल्या माणसाने मॉरिशसमध्ये क्रिओलची बाजू घेतली पाहिजे. मराठीला तिथे धोका क्रिओलकडून नाही. मराठी तिथे जगेल ती क्रिओल बोलणाऱ्या लोकांच्या प्रेमामुळे.

हिशेबात सुटलेले आणखीही आहेत. १९६५ मध्ये ब्रिटनने स्वातंत्र्याच्या बदल्यात चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली, आणि पुढे दिएगो गार्सियावर अमेरिकी तळासाठी तिथले सगळे रहिवासी हाकलून दिले. त्यांतले बहुतेक पोर्ट लुईच्या वस्त्यांत येऊन पडले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिले, याचा देशाला सार्थ अभिमान आहे. पण त्याच देशाच्या सरकारला १९७२ मध्ये या लोकांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनकडून साडेसहा लाख पौंड मिळाले होते, आणि ते त्यांच्या हाती पडायला पाच वर्षे गेली. तोवर चलनवाढीने त्यांची किंमत घटली होती, आणि माणसे कर्जात बुडाली होती. चागोसची माणसे गरीब, काळी, क्रिओल बोलणारी. संसदेत त्यांचे कोणी नव्हते. वाटे मागायला संघटित समाज लागतो. तो नसला की न्यायाची बाजू असूनही माणूस रांगेत मागे राहतो. वाटणीच्या पद्धतीचा हा मूळ दोष आहे, आणि ती पद्धत मला मनापासून आवडत असूनही मी तो झाकणार नाही.

आठ जागांची तरतूदही आता कालबाह्य झाली आहे. १९७२ नंतर जनगणनेत समाज विचारणेच बंद झाले, त्यामुळे वाटप आजही त्या अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर होते. काही तरुण उमेदवारांनी आपला समाज लिहायला नकार दिला आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेले. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरती सवलत दिली गेली, कायमचा निर्णय नाही. लहान समाजांना भीती आहे की ती तरतूद गेली तर आपण पुसले जाऊ. मला वाटते ही भीती दूर करण्याचा मार्ग म्हणजे पोटाच्या गोष्टी आणखी पक्क्या करणे. दवाखाना, शाळा आणि घर जितके खात्रीचे, तितकी संसदेतल्या राखीव खुर्चीची गरज कमी.

आणि आज बेटावर पुन्हा करारावर आणलेले मजूर आहेत. कापडाच्या कारखान्यांत, बांधकामावर, बेकऱ्यांत बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्करहून आलेली माणसे ठरावीक वर्षांसाठी काम करतात. त्यांतली पुष्कळशी मालकाने दिलेल्या खोल्यांत दाटीने राहतात, आणि नोकरी सुटली की त्यांना परत जावे लागते. रविवारी रोझ हिलच्या बसस्थानकावर बांगलादेशी मुली घोळक्याने उभ्या दिसायच्या. भाजीवाल्याशी त्या क्रिओलमध्ये घासाघीस करायच्या. वर्ष-दोन वर्षांत ती भाषा त्यांनी उचलली होती. देशातली माणसे त्यांच्याविषयी जे बोलतात ते ऐकून मला वाईट वाटायचे: हे घाण करतात, आमची कामे घेतात, फार संख्येने येतात. हीच वाक्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या बोलणाऱ्यांच्या पणज्यांविषयी बोलली जात. २००६ मध्ये आप्रवासी घाट जागतिक वारसा ठरला तो अशाच माणसांच्या स्मरणार्थ. त्या घाटाजवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या या मजुरांना संघटित होण्याचा, मालक बदलण्याचा आणि तक्रार केल्यावर देशात राहण्याचा हक्क मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी मॉरिशसला आणखी पन्नास वर्षांनी दुसरा सत्य आणि न्याय आयोग बसवावा लागू नये.